मागच्या दाराची कटिंग

आमचे सासरे गेले तेव्हा भेटायला येणारा प्रत्येक जण एकच वाक्य बोलत होता, "काय हात होता हो वस्तादांचा!" आणि मी दर वेळी तोंडावर रुमाल धरून मान खाली घालत होते. लोकांना वाटलं, सुनेला रडू आवरत नाहीये. कसलं रडू! हसू आवरत नव्हतं मला. हे वाक्य म्हणणाऱ्यांतल्या निम्म्यांचे कल्ले त्या हातानं वरखाली केले होते आणि माझ्या स्वयंपाकघरात, माझ्या स्टुलावर बसून त्यांनी ते सारखे करून घेतले होते. आणि आता तोंड वर करून कौतुक करायला आले होते, लबाड कुठले! पण त्याआधीची कितीतरी वर्षं तो हात खरंच तसा होता, म्हणून मी कुणाला काही बोलले नाही.

वस्ताद हे काही त्यांचं नाव नव्हे. नाव फक्त कागदोपत्री होतं. सगळा बाजाररस्ता त्यांना वस्ताद म्हणायचा, मी बाबा म्हणायचे आणि ते मला फौजदार म्हणायचे. लग्न होऊन या घरात आले त्याच आठवड्यात मी सलूनच्या पायरीवर सिगारेटची थोटकं टाकणाऱ्या दोघा गिऱ्हाइकांना असं काही झाडलं होतं की ते दाढी न करताच निघून गेले. नवीन सुनेनं धंद्यावर पाणी ओतलं म्हणून सासरे रागावतील असं मला वाटलं. ते हसतच सुटले. तेव्हापासून मी दुकानात डोकावले की ते आरशात बघून म्हणायचे, "सावरून बसा रे, फौजदार आले."

घर आणि दुकान एकच. रस्त्याच्या बाजूला सलून, मध्ये एक पडदा, पडद्यामागे अरुंद बोळकांडी आणि बोळकांडीच्या टोकाला स्वयंपाकघर. स्वयंपाकघराचं मागचं दार गल्लीत उघडतं. सलूनमध्ये दोन खुर्च्या. एक आमच्या यांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, आणि दुसरी बाबांची. बाबांची खुर्ची लोखंडी, पायानं दाबून वरखाली करायची, गादीला तीन रंगांच्या रेक्झिनची ठिगळं. तिच्यासमोर भिंतभर आरसा. त्या खुर्चीवर दुसऱ्या कुणी कात्री चालवलेली बाबांना खपायची नाही. एकदा हे नुसते तिला तेल घालत होते तर बाबांनी विचारलं, "मोजमाप घेतोयस काय रे?"

बाबांचे वडील सुतार होते. पोरानं रंधा धरावा एवढीच त्यांची इच्छा. पण पोराचं लक्ष शेजारच्या सलूनमध्ये. तिथे आरसा होता, रेडिओ होता आणि दिवसभर गप्पा चालायच्या. "लाकूड काही बोलत नाही गं," ते मला सांगायचे. "दिवसभर ठोकलं तरी गप्प. माणसाचं तसं नाही. गळ्याला कापड बांधलं की आपोआप बोलायला लागतो." मग एक दिवस रंधा तिथेच टाकून ते शेजारी जाऊन उभे राहिले. तिथल्या मालकानं त्यांच्या हातात फुगा दिला. फुग्याला साबण फासायचा आणि वस्तऱ्यानं तो साबण उतरवायचा. फुगा फुटला की त्या दिवशीची शिकवणी बंद, घरी जा. बाबांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांचा एकही फुगा फुटला नाही. आमच्या सासूबाईंच्या म्हणण्याप्रमाणे फुगे विकणाऱ्याचं घर त्या वर्षी पक्कं बांधून झालं.

सासूबाई म्हणजे अशा. तोंडात साखर नाही, पण बोलणं ऐकत राहावंसं वाटे. त्यांचं आणि बाबांचं लग्न कसं ठरलं याच्यासुद्धा दोघांच्या तोंडून दोन वेगळ्या गोष्टी ऐकायला मिळायच्या. सासूबाईंच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्यांच्या मिशीचा रस्ताभर बोलबाला होता. दर शनिवारी ते मिशी कोरून घ्यायला बाबांकडे यायचे आणि जेवायची वेळ झाली की त्यांची मुलगी त्यांना बोलवायला दारात येऊन उभी राहायची. एका शनिवारी बाबांनी वस्तरा त्यांच्या वरच्या ओठावर टेकवला आणि विचारलं, "तुमची मुलगी मला द्याल का?" आता अशा वेळी कोण मान हलवणार? ते नुसतं "हं" म्हणाले. बाबांनी ते हो धरलं. तेवढ्यात वस्तरा आनंदानं जरा जास्तच पुढे गेला आणि अर्धी मिशी खाली आली.

"तुझ्या सासूसाठी मी धंद्याची इभ्रत पणाला लावली," असं बाबा सांगायचे.

"काही नाही," सासूबाई आतून ओरडायच्या. "माझं आणि यांचं आधीच ठरलं होतं. माझ्या बापाची मिशी उगाच फुकट गेली."

संसार मात्र त्यांनी डोळ्यात तेल घालून केला. सलूनला सोमवारी सुट्टी, आणि त्या दिवशी बाबा घरातलं सगळं करायचे. पाणी भरणं, गाद्या उन्हात टाकणं, पोराचा अभ्यास घेणं. अभ्यास घेता घेता तेच झोपायचे ही गोष्ट वेगळी. आमच्या यांना धंदा शिकायचा होता तेव्हा डोकं कुणाचं घ्यायचं हा प्रश्न आला. फुग्यावर दाढी शिकता येते, फुग्याला केस कुठून आणणार? बाबा म्हणाले, "माझं घे." यांनी ते घेतलं. नंतर म्हणे डोकं असं दिसत होतं की शेळी चरून गेलीये. बाबा महिनाभर लोकरीची टोपी घालून गिऱ्हाइकं करत होते, आणि भर उन्हाळा चालू होता. कुणी विचारलंच तर म्हणायचे, "सर्दी हटत नाही हो." यांना एका शब्दानं बोलले नाहीत. दुसऱ्या महिन्यात टोपी काढली आणि परत तेच डोकं पुढे केलं.

बाबांची कात्री कधी थांबायची नाही. केसावर नसली तर हवेत चालायची. कचकच, कचकच. मी एकदा विचारलं, हवेत काय कापता? म्हणाले, "आवाज चालू राहिला की डोकं गाफील राहतं. नाहीतर मान आखडून बसतात लोक." आम्ही सगळे त्या आवाजाला इतके सरावलेले होतो की तो थांबला तरच दचकायचो. आणि त्या आवाजामुळेच फार दिवस कुणाच्या काही लक्षात आलं नाही.

आधी चहा. बशीवर कप वाजायला लागला. मग बाबा म्हणाले, मला अर्धाच कप देत जा, हल्ली चहा सोसत नाही. मग शर्टाची बटणं सासूबाई लावायला लागल्या आणि वर त्यांनाच ओरडा बसायला लागला. मग एक दिवस कंपाउंडर आले.

हे कंपाउंडर म्हणजे बाबांचे जुने दोस्त. दवाखान्यातून कधीचे निवृत्त झाले तरी स्वतःला अर्धे डॉक्टर समजायचे. मी पीठ मळत होते. मागचं दार वाजलं, उघडलं तर कंपाउंडर. आत्ता तर हे गृहस्थ पुढच्या दारातून बाबांना "वा वस्ताद, छान झाली" म्हणून गेले होते! त्यांनी तोंडावर बोट ठेवलं आणि आधी उजवा गाल दाखवला, मग डावा. उजवा कल्ला कानाच्या वर संपलेला, डावा पार जबड्यापर्यंत उतरलेला. एका बाजूनं शाळकरी पोरगा, दुसऱ्या बाजूनं दरोडेखोर.

"सूनबाई, घरी असा गेलो तर बायको बिनपाण्यानं करेल," ते कुजबुजले. "तुझ्या नवऱ्याला बोलव. पण वस्तादांना कळू देऊ नकोस हं. बिलकूल कळू देऊ नकोस."

मी यांना हाक मारली, पाणी प्यायला या म्हणून. हे आले आणि त्यांनी एकदा उजवा, एकदा डावा कल्ला बघितला. त्यांना ते कधीचं दिसत होतं, फक्त आपल्याच डोळ्यांवर विश्वास ठेवायचा नव्हता. मग त्यांनी माझं स्टूल ओढलं, कंपाउंडरांच्या गळ्यात माझा जुना पलंगपोस बांधला आणि दोन मिनिटांत दोन्ही कल्ले जुळवले. अशी ती मागच्या दाराची कटिंग सुरू झाली.

कंपाउंडरांच्या पोटात काय राहतंय! आठवड्याभरात सगळ्या जुन्या गिऱ्हाइकांना कळलं. पुढच्या दारानं यायचं, वस्तादांच्या खुर्चीवर बसायचं, काय व्हायचं ते होऊ द्यायचं, आरशात बघून "वा" म्हणायचं, पुढच्या दारानं बाहेर पडायचं, वळसा घालून गल्लीत शिरायचं आणि माझ्या स्वयंपाकघरात येऊन दुरुस्त होऊन जायचं. कुणी बोलून ठरवलं नव्हतं. आणि त्यांतला एकही जण आमच्या यांच्या खुर्चीवर जाऊन बसायला तयार नव्हता. मी एकदा निवृत्त मास्तरांना स्पष्टच विचारलं, "इतकी यातायात करण्यापेक्षा सरळ यांच्याकडे का बसत नाही?" मास्तरांनी माझ्याकडे असं बघितलं जणू मी त्यांना चोरी करायला सांगितली. म्हणाले, "वस्तादांची खुर्ची रिकामी ठेवू?"

हाल माझे झाले! दुधात केस, पिठात केस, फोडणीत केस. गिऱ्हाईक मागे आलं की मी ताटावर झाकण आपटायचं, ही खूण. मग हे आपल्या खुर्चीवरचं गिऱ्हाईक तसंच साबण लावलेलं सोडून "जरा पाणी पिऊन आलो" म्हणून आत पळायचे. सासूबाई कोपऱ्यात खुर्ची टाकून बसायच्या आणि एकेक डोकं आत आलं की निकाल द्यायच्या. "आज मागची बाजू बरी जमलीये हो." "अरे देवा, याला तर उंदरानं कुरतडलंय." आणि मास्तर तर दर पंधरवड्याला. त्यांच्या डोक्यावर मुळात होतेच किती? पण यायचे, बिघडवून घ्यायचे, दुरुस्त करून घ्यायचे, माझ्या हातचा चहा प्यायचे आणि माझ्याच चहाला नावं ठेवायचे.

बाबा यांना म्हणायचे, "तुला हल्ली फार तहान लागते रे. रक्तातली साखर तपासून घे." एकदा नाही, रोज. शेवटी त्यांनी खरंच यांना दवाखान्यात पिटाळलं आणि यांनी निमूटपणे सुई टोचून घेतली. आणि मला? मला जेवताना अगदी काळजीच्या सुरात विचारायचे, "फौजदार, तुझ्या हातातून झाकणं फार पडतात बघ. हात थरथरतात का गं?" मी कपाळावर हात मारून घ्यायचं तेवढं राहायचं.

मी यांच्यामागे लकडा लावला होता की तुम्ही बोला, वडील तुमचे आहेत. हे म्हणायचे, "त्यांनी माझ्यासाठी भर उन्हाळ्यात महिनाभर टोपी घातली. मी एवढंही करू नये?" एवढं मात्र यांनी केलं की वस्तरा काढून ठेवला. धार लावायला दिलाय म्हणाले. बाबांनी दोनचार आठवडे विचारलं. "धारवाला परदेशात गेला काय रे?" मग विचारायचं सोडून दिलं. दाढीची गिऱ्हाइकं आपोआप यांच्याकडे गेली आणि बाबांकडे फक्त कात्री राहिली. कात्रीनं काय मोठं होणार, अशी मी मनाची समजूत घातली.

तशात आमच्या लेकीचं लग्न ठरलं. जावई देखणा, उंच, कुरळ्या केसांचा, आणि त्या केसांवर त्याचा जीव. लग्नाला फोटोवाला सांगितलेला. सगळं ठरत असताना बाबांनी जेवता जेवता जाहीर केलं, "जावयाचं डोकं मी करणार." बाबांनी घरातल्या प्रत्येक लग्नात नवऱ्या मुलाचे केस स्वतः कापले होते. आमच्या यांचे कापले, भाच्यांचे कापले. त्यांना नाही कोण म्हणणार? लेक माझ्याकडे बघायला लागली. तिला कंपाउंडरांचे कल्ले माहीत होते.

मी म्हटलं, बघू, जावयालाही मागच्या दारानं आणू. लेक म्हणाली, "कुरळे केस एकदा कापले की चिकटवता येत नाहीत, आई." तरी मी म्हणत होते, बघू. आणि मग लग्नाच्या आदल्या आठवड्यात मास्तर आले.

त्या दिवशी मास्तर मागच्या दारानं आले ते कानावर रुमाल दाबून. रुमाल लाल. मी रुमाल काढला. कानाची पाळी चांगलीच कापली गेली होती. रक्त मानेवरून सदऱ्यात उतरत होतं आणि मास्तर मला सांगत होते, "काही नाही गं. डास चावला."

"डास?" मी म्हटलं. "डासाच्या हातात कात्री होती का?"

"हळू बोल," मास्तर म्हणाले. "त्यांना ऐकू जाईल. मी त्यांना डासच सांगितलंय."

यांनी तुरटी लावली, पट्टी बांधली. कुणी हसलं नाही. मास्तर गेल्यावर मी दार लावलं आणि म्हटलं, आता बास. आज कान आहे, उद्या डोळा असेल. कुणीतरी सांगायलाच हवं. हे खाली बघत म्हणाले, "माझ्यानं नाही होणार." लेक म्हणाली, मी बोलायला गेले तर आधी रडेन. सासूबाई म्हणाल्या, "माझं त्यांनी जन्मात ऐकलं नाही, आता काय ऐकतात?" आणि तिघंही माझ्याकडे बघत बसले. असं असतं बघा. भांडकुदळ म्हणून नाव ठेवायचं आणि भांडायची वेळ आली की पुढे करायचं.

दुपारी दुकान बंद होतं. बाबा त्यांच्या स्वतःच्या खुर्चीवर बसून कात्रीला तेल देत होते. मी पडदा सारून आत गेले. बोलायचा धीर होईना. मला! जिनं बँकेच्या मॅनेजरला रांगेत उभं केलं होतं तिला!

"काय फौजदार?" ते आरशातूनच म्हणाले.

"काही नाही. जावयाच्या केसांचं..."

"कुरळे आहेत. कुरळ्या केसांत चूक लपते."

"बाबा, त्या दिवशी गर्दी असेल, धावपळ असेल, तुम्हाला दगदग..."

"मला कसली दगदग? खुर्चीवर तो बसणार."

"बाबा, पाहुणे येतील, तुम्ही पुढे बसायला हवं..."

"बसेन की. कटिंग झाल्यावर."

मी इकडून गेले, तिकडून गेले, प्रत्येक वाट त्यांनी अडवली. शेवटी माझा पारा चढला. मी म्हटलं, "बाबा, तुमचा हात थरथरतो. तुम्हाला आता कात्री चालवता येत नाही. मास्तरांचा कान तुम्ही कापलात."

बोलले आणि माझीच मला भीती वाटली. बाबांनी कात्री मांडीवर ठेवली. मला वाटलं, आता रागावतील, नाहीतर कोसळतील. त्यांनी एक मोठा श्वास सोडला आणि म्हणाले, "किती वर्षं लावलीस गं बोलायला."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मास्तरांचं घर उजवीकडे," त्यांनी आरशाकडे बोट केलं. आरशात पूर्ण रस्ता दिसत होता, पायरी, दार, समोरचं दुकान, गल्लीचं तोंड. "इथून निघाले की डावीकडे वळतात. कंपाउंडर डावीकडे वळतो. सगळे डावीकडे वळतात. तिकडे तुझं स्वयंपाकघर सोडून दुसरं आहे काय? जन्म गेला माझा या आरशासमोर."

मला सगळी झाकणं आठवली, यांची तहान आठवली. "आणि आम्हाला नाचवत होतात!" मी म्हटलं. "यांना सुई टोचायला लावलीत!"

"मजा आली," ते म्हणाले आणि हसले. मग हसू गेलं. "रोज सकाळी शटर वर करताना वाटायचं, आज कुणीतरी सांगेल. कुणी सांगितलं नाही की म्हणायचो, चला, आजचा दिवस मिळाला. तसे दिवस मिळत गेले. मला सोडवत नव्हतं गं. मास्तरांचं रक्त दिसलं तेव्हा ठरवलं की आपणच बोलायचं. आयुष्यभर एवढी बडबड केली, आणि ते एक वाक्य काही तोंडातून निघेना."

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि पुसायला हात वर घेतला तर तो गालावर नीट टेकत नव्हता. मी रुमालानं पुसलं. माझे डोळे कुणी पुसले नाहीत. त्यांनी कात्री उचलून माझ्या हातात दिली. "ही त्याला दे. मी दिली तर तो रडेल, आणि दुकानात रडणारा न्हावी मला चालणार नाही." मग म्हणाले, "माझ्या हातांना दुसरं काहीतरी काम दे. पण मटार सोलायला बसवू नकोस. त्यापेक्षा मी कंपाउंडरच्या गप्पा ऐकेन."

लग्नाच्या सकाळी जावई बाबांच्या खुर्चीवर बसला आणि कात्री आमच्या यांनी चालवली. यांचे डोळे लाल होते, पण कटिंग झकास झाली. बाबा गिऱ्हाइकांच्या बाकावर बसून चुका काढत होते. "मागे जरा कमी कर. कानाकडे जपून, कानाकडे." दोनतीन गिऱ्हाइकं दारात उभी राहून बघत होती. मास्तरही होते, कानाला पट्टी लावून.

इकडे स्वयंपाकघरात माझी त्रेधा उडालेली. लेक तयार व्हायचीये, पाहुण्यांना चहा जायचाय, आणि सासूबाई वेणीफणीसाठी खोळंबून बसलेल्या. त्यांचा खांदा आखडल्यापासून हात डोक्यापर्यंत जायचा नाही, म्हणून त्यांचे केस मीच विंचरायचे. मी एका हातात कंगवा घेऊन लेकीवर ओरडत होते, तेवढ्यात कुणीतरी मागून कंगवा काढून घेतला. बघते तर बाबा.

"तू जा," ते म्हणाले. "कंगव्यानं कुणाचा कान कापला जात नाही."

सासूबाईंनी मान वळवली. "एवढी वर्षं सगळ्या गावाची डोकी केलीत. आज माझं आठवलं?"

"तू कधी नंबरच लावला नाहीस," बाबा म्हणाले आणि त्यांच्या मागे उभे राहिले.

हात थरथरतच होता. त्यांनी करंगळी सासूबाईंच्या कपाळावर टेकवली, तिचा आधार घेतला आणि भांग काढायला सुरुवात केली. भांग निघाला मधून, गेला डावीकडे, मध्येच परत वळला आणि कुठेतरी कानाच्या वर जाऊन संपला. अंबाडा बांधला तो एका बाजूला कललेला. त्याला लागला वेळ! तेवढ्या वेळात मी दोनदा चहा केला. सासूबाई इतका वेळ गप्प बसलेल्या मी त्याआधी कधी पाहिल्या नव्हत्या. बाबांनी त्यांच्यासमोर आरसा धरला. आरसाही हलत होता. सासूबाई बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "वा वस्ताद. छान झालं."

बाबा बाहेर गेल्यावर मी पटकन कंगवा उचलला. "आई, इकडे करा डोकं. दोन मिनिटांत सरळ करते."

त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. "हात लावायचा नाही."

"अहो, फोटो आहेत!"

"असू देत."

लग्नाच्या एकूण एक फोटोत आमच्या सासूबाईंचा भांग वाकडा आहे. पाहुण्यांनी मला टोमणे मारले, सासूकडे लक्ष नाही म्हणून. मी ऐकून घेतलं. त्या दिवसापासून रोज सकाळी बाबा त्यांचे केस विंचरायचे. पुढे पुढे भांग कुठून निघेल आणि कुठे जाईल याचा काही नेमच राहिला नाही. सासूबाई तशाच बाजारात जायच्या, भाजीवाल्याशी तशाच भांडायच्या, आणि कुणी डोक्याकडे बघितलंच तर सांगायच्या, "वस्तादांकडची कटिंग आहे." बाबा जायच्या दिवशीसुद्धा त्यांनी केस विंचरले, कंगवा जागेवर ठेवला, जरा पडतो म्हणाले आणि पडले ते पडलेच.

भेटायला येणारी माणसं संपली, घर पुन्हा आमचं आम्हाला मिळालं. दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीवर येऊन बसल्या. मी कंगवा घेतला, तेल लावलं आणि भांग काढला. इतक्या दिवसांनी अगदी सरळ, नाकाच्या रेषेत. अंबाडा घट्ट बांधला आणि आरसा पुढे धरला.

त्यांनी त्यात बघितलं. मग आरसा माझ्या हातातून घेऊन खाली ठेवला.

"असा नको गं," त्या म्हणाल्या. "वाकडा काढ."

मी अंबाडा सोडला.